टोक नसलेली सुरी

माझा उजवा गुडघा वाकत नाही. लग्नाच्या दोन वर्षं आधी मी भरल्या बैलगाडीवरून पडले. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण असं बसवलं की पुन्हा हललंच नाही. सासरी सांगताना मुलगी जरा लंगडते, असं सांगितलं होतं. त्यातला 'जरा' माझ्या वडिलांनी पदरचा घातलेला.

चालण्याची मला अडचण नव्हती. औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, मागं परसू, परसात आड. पाणी ओढणं, धुणं, झाडलोट, सगळं मी करायची. चुलीपुढं बुटक्या स्टुलावर पाय लांब करून बसलं की भाकरीही थापता यायची अन् फोडणीही घालता यायची. अडचण होती ती विळीची. विळीवर बसायचं म्हणजे एक पाय दुमडून तिच्या पाटावर दाबून धरायचा. माझा उजवा पाय सरळच्या सरळ. डावा पाय पाटावर ठेवून पाहिला, तर उजवा विळीच्या पुढं आडवा यायचा, अन् त्याला चुकवता चुकवता तिसऱ्याच दिवशी माझं बोट कापलं. सासूबाईंनी बोटाला हळद लावली, विळी उचलून आपल्या बाजूला ठेवली, अन् त्या दिवसापासून चिरण्याचं काम त्यांच्याकडे गेलं.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडी एकच वाक्य असायचं, "आत्याबाई, एवढी भाजी चिरून देता का?" एवढी मिरची, एवढी कोथिंबीर, एवढा कांदा. त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. हातातलं निवडणं बाजूला ठेवून यायच्या, विळी ओढायच्या, चिरून द्यायच्या. खरं दुखणं तिथंच होतं. त्या कुरकुरल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला आवडतं, आजही आवडतं. पण न कुरकुरणाऱ्या माणसाशी भांडावं कसं? वर त्यांचं चिरणं भारी ठोकळ. वांग्याच्या चार फोडी, गवारीचे दोन तुकडे, की झाली भाजी. मला बारीक चिरलेली भाजी आवडायची. माझ्या माहेरी कोथिंबीर अशी चिरायचे की आमटीत ती दिसण्याआधी वास यायचा. इथं आमटीत काड्या तरंगायच्या अन् मी गप्प बसून खायची. दुसऱ्याच्या हातानं चिरलेल्या भाजीला नावं कशी ठेवणार?

लग्नाला वर्ष झालं असेल. माझी नणंद लासूर स्टेशनला दिलेली, तिथं त्यांचं धान्याचं दुकान होतं. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. दोन पोरं अन् दुकानाचा राबता सोडून तिला माहेरी येता येईना, म्हणून पोळा झाला की आत्याबाईंनीच सव्वा महिना तिकडं राहायचं ठरत होतं. लासूर काही लांब नाही, गाडीत बसलं की दुपारच्या आत पोचतं माणूस. पण एक दिवस मी चुलीपाशी असताना आत्याबाई बाहेरच्या खोलीत ह्यांना सांगत होत्या ते मला ऐकू आलं.

"मला काय जमायचं नाय बघ. हिला चिरून कोन देईल?"

माझी भाकरी तव्यावर करपली. पोरगी तिकडं अवघडलेली, अन् तिची आई माझ्या मिरच्या चिरायला इथं अडकून पडणार, हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढाच रागही आला. कुणाचा आला ते मला तेव्हा कळलं नाही. गुडघ्याचा असावा.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधीच मी ह्यांना म्हटलं, मला एक सुरी आणून द्या. विळी पायानं धरायची असते, सुरी हातानं. हात माझे दोन्ही धड आहेत. हे कचेरीत दिवसभर उर्दूत लिहायचे अन् घरी येऊन कुठल्याच भाषेत फारसं बोलायचे नाहीत. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली सुरी आली. वीतभर लांब, जाड मुठीची, पुढं निमुळती होत गेलेली.

आत्याबाईंनी कागद उघडला अन् तसाच मिटला.

"ही कशाची सुरी हाय, ठावं हाय का तुला?" त्या लेकाला म्हणाल्या. "खाटकाची. माज्या चुलीला मी ही शिवू देनार नाय."

आमच्याकडं मांसमच्छीला कुणी शिवत नसे. भाजी चिरायची ती विळीवर. सुरी म्हणजे खाटकाच्या ओट्यावरची वस्तू, एवढंच त्यांना माहीत. माझ्या माहेरीही तसंच होतं, त्यामुळं मला तोंड उघडायला जागा नव्हती. ती सुरी रात्रभर बाहेरच्या भिंतीतल्या देवळीत पडून राहिली अन् सकाळी ह्यांच्याबरोबर बाजारात परत गेली.

पण मी विषय सोडला नाही. मी कुठलाच विषय सोडत नाही, हे घरात सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. आठ-दहा दिवस मी उठता-बसता तेच लावून धरलं. लोखंड तर विळीचंही आहे. धार तर विळीलाही आहे. मग सुरीनं काय घोडं मारलंय? शेवटी आत्याबाई वैतागल्या.

"टोक कशाला पायजे भाजीला?" त्या म्हणाल्या. "भाजी काय पळून जाती, टोचून धरायला?"

ह्यांना हसू आलं. मी मात्र तो शब्द उचलला. मग टोक नसलेली सुरी चालेल का, असं मी विचारलं. अशी सुरी असते हे त्यांनाही माहीत नव्हतं अन् मलाही नव्हतं. त्या चालेल म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. मला तेवढं पुरे होतं.

आमच्या परसाला लागून आपांचं घर होतं. आपांचे मालक सुतार, दारं-खिडक्यांवरच्या नक्षीकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझं बुटकं स्टूल त्यांनीच करून दिलेलं. आपा भिंतीपलीकडून मराठी अन् दखनी एका दमात बोलायच्या अन् मला दुल्हन म्हणायच्या. मी त्यांच्यापुढं सगळं रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, मर्दांना सुरी आणायला सांगितली की ते काठी आणल्यासारखी आणतात. स्वतः बघून घे. परवा मी शहागंजच्या बाजारात निघाले आहे, टांग्यात जागा आहे.

आत्याबाईंना विचारलं. आपांबरोबर जाते म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही. आपांवर त्यांचा भरवसा होता. दोघींची भिंतीवरून वीस वर्षांची देवघेव. मी निघताना पिशवीत एक काकडी, एक कांदा अन् मेथीची अर्धी जुडी टाकली.

दुकान काचसामानाचं होतं. कंदिलाच्या काचा, कपबश्या, कुलपं, कात्र्या, अन् वरच्या फळीवर जपानी खेळणी. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ती वर्षं, मुंबईहून जपानी माल तेव्हा भरभरून यायचा, अन् घरी पोचेपर्यंत टिकला तर नशीब म्हणून लोक त्याला हसायचे. दुकानदारानं दोन सुऱ्या पुढं ठेवल्या. एक विलायती, चकचकीत. एक इथल्याच लोहाराची, वजनदार. दोन्हींना टोक. मी पदर सावरून बिनटोकाची दाखवा म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. बिनटोकाची सुरी म्हणजे काय, बिनबुडाचा तांब्या म्हणतात तसंच हे, असं काहीसं तो पुटपुटला. मग त्याला काहीतरी आठवलं. खालच्या खोक्यात हात घालून त्यानं गवतात गुंडाळलेली एक वस्तू काढली. जपानी कपबश्यांच्या पेटीतून आली होती, म्हणाला, दोन वर्षं पडून आहे, कशाची आहे ते मलाही कळलेलं नाही. तंबाखूचं पान चिरायची असेल.

ती लांबट चौकोनी होती. पातं तळहाताच्या रुंदीचं, पुढचा कोपरा बोथट, धार सरळ रेघेसारखी. मूठ साध्या पांढऱ्या लाकडाची. पात्यावर दोन-तीन अक्षरं ठोकलेली होती, ती ना मोडीतली ना उर्दूतली. आणखी एक गंमत, तिची एक बाजू अगदी सपाट होती. उतार होता तो फक्त दुसऱ्या बाजूला.

मी पिशवीतून काकडी काढली. दुकानदार "अहो बाई, अहो बाई" करत राहिला, पण आपांनी बुरख्याआडून त्याला एवढंच विचारलं, की कापड हात लावून घेतात, मग सुरी न चिरता कशी घ्यायची? त्यानं पेटीचं एक फळकूट पुढं केलं. मी उभ्यानं चिरायला लागले. विलायती सुरीनं मेथी चिरली नाही, चिरडली. फळीवर हिरवं पाणी सुटलं. लोहाराच्या सुरीनं काकडी छान झाली, पण पाचव्या चकतीला मनगट भरून आलं. मग ती चौकोनी घेतली. मेथीवर ठेवली अन् नुसती पुढं ढकलली. कांदा चिरताना आवाजही झाला नाही. काकडीची चकती उचलून धरली तर तिच्यातून माझं पलीकडचं बोट दिसत होतं.

वर्षभरात मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही चिरलं होतं. तिथं दुकानात, परक्या माणसासमोर, माझे डोळे भरून आले. कांद्यामुळं कुणाला कळलं नाही.

"हीच घे दुल्हन," आपा म्हणाल्या. "इसको नोक भी नै, गुस्सा भी नै. गुस्सा तो तुमारे पास हैच."

बांधून देताना दुकानदारानं एक बजावलं. हे कच्चं पोलाद आहे. ओली ठेवलीत तर सकाळपर्यंत गंज धरेल. पुसायची, कोरडी करायची, वर खोबरेलाचं बोट फिरवायचं.

घरी आत्याबाईंनी ती हातात घेतली. जिथं टोक असायला हवं तिथं अंगठा फिरवून पाहिला. उलटसुलट केली. "ही सुरी हाय का उलथनं?" म्हणाल्या. मग तुळशीपाशी नेऊन सुरीवर पळीभर पाणी सोडलं अन् माझ्या हातात दिली. मी तिथल्या तिथं पदरानं कोरडी केली.

आपांच्या मालकांनी मला खिडकीपाशी उभं राहून चिरता येईल असं एक टेबल करून दिलं, वर कडुनिंबाची जाड फळी. सुरी पाहून ते खूश झाले. ही तर पटाशीची बहीण, असा त्यांनी आपांकडून निरोप दिला. लाकूड तासायची पटाशीही अशीच, एक बाजू सपाट. उताराची बाजूच तेवढी घासायची, तेलाच्या दगडावर, अन् दारावर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याच्या हातात कधी द्यायची नाही. तो दोन्हीकडून घासून तिची वाट लावेल. धार लावायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

पहिले आठ दिवस सुरी आपल्या मनानं डावीकडं सरकायची, अन् माझ्या बटाट्याच्या चकत्या एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ व्हायच्या. मग हात बसला. तिला पाणी लागू न देण्याचं तर मला वेडच लागलं. एकदा ह्यांनी लिंबू कापलं अन् सुरी तशीच फळीवर ठेवून कचेरीत गेले. संध्याकाळी पात्यावर मुगाएवढा काळा डाग. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. न बोलल्यानं त्यांचं काही अडत नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण त्यानंतर सुरीला त्यांनी कधी हात लावला नाही.

पोळा झाला अन् आत्याबाई निघाल्या. निघायच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी विळीवर दोन दिवसांची गवार चिरून ओल्या फडक्यात झाकून ठेवली होती. वर मला म्हणाल्या, असू दे, अडीनडीला. माझ्या हाताचा त्यांना भरवसा नाही तो नाहीच. हे त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेले, अन् मी ती गवार भिंतीवरून आपांच्या शेळीला घातली. आत्याबाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

तो सव्वा महिना मी सुखात काढला. याहून दुसरा शब्द माझ्याकडं नाही. सकाळी खिडकीतून ऊन फळीवर यायचं, मी उभी राहून चिरायची. भोपळ्याच्या सालीची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, केसासारखी बारीक कोबी, पिठल्यात मेथी. कुणाला हाक मारायची नाही, कुणाची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी हे जेवता जेवता थांबले अन् म्हणाले, "भाजी बारीक आहे." ह्यांच्या मानानं ते व्याख्यानच होतं. लासूरला मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा मी गल्लीभर साखर वाटली, आपांकडे दोनदा.

आत्याबाई परतल्या त्या नवरात्रातल्या सातव्या माळेला. हातपाय धुऊन आत आल्या, अन् सवयीनं विळी ओढून बसल्या. म्हणाल्या, काय चिरायचंय दे. चिरायचं काहीच नव्हतं. मी सगळं आधीच करून ठेवलं होतं, अन् ते कौतुकानं त्यांना दाखवलंही. त्यांनी भाजीत बोट फिरवलं, बारीक केलीस, म्हणाल्या. मग बराच वेळ त्या रिकामी विळी पुढ्यात घेऊन बसून राहिल्या.

मला कळायला हवं होतं. कळलं नाही. वीस-बावीस वर्षांची होते, अन् जिंकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज सुरी उचलून पाहिली, तर मी चुलीपासूनच म्हणाले, "आत्याबाई, ओला हात लावू नका तिला." जरा जोरातच म्हणाले.

"नाय लावत, बाई," त्या म्हणाल्या अन् सुरी होती तिथं ठेवली.

त्यानंतरचा दिवस खंडेनवमीचा. घरातली सगळी हत्यारं-अवजारं त्या दिवशी पाटावर मांडून पुजायची, अन् एकदा पूजेला बसली की दसऱ्याच्या सकाळच्या आरतीपर्यंत त्यांना हलवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी परसात धुणं वाळत घालत होते. आत आले तर पूजा झालेली होती. पाटावर मधोमध विळी. तिच्या एका बाजूला कोयता, खुरपं, ह्यांची दौत-लेखणी. अन् दुसऱ्या बाजूला, विळीला अगदी खेटून, माझी सुरी. तिच्यावर आत्याबाईंनी हळदकुंकू पाण्यात कालवून पाचही बोटं ओढली होती. विळीवर दोनच बोटं होती, कोयत्यावर एक. सुरीवर पाच, वर झेंडूचं फूल.

पाणी पात्यावरून ओघळत होतं.

ती सकाळपर्यंत तशीच राहिली तर काय होईल, हे मला पुरतं माहीत होतं. माझ्या हातात पदर होता. एकदा फिरवला असता की काम झालं असतं. आत्याबाई समोरच बसून वातींना तूप लावत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "बराबर मांडली नव्हं?"

मी पदर सोडला. बरोबर आहे, म्हटलं, अन् वाकून पाटाला नमस्कार केला. माझं वाकणं म्हणजे अर्धवटच, पण केला.

दसऱ्याला सकाळी आरती झाली, फूल उचललं. पात्यावर पाच लांबट तांबूस डाग उठले होते. आत्याबाईंनी आधी ते कुंकूच समजून पुसलं. मग नखानं खरवडलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"गंजली गं ही. तू परवाच बोलली हुतीस, अन् मी इसरले." त्या लगबगीनं उठल्या, राख अन् नारळाची शेंडी घेऊन आल्या अन् घासायलाच बसल्या. घासता घासता चोरून माझ्याकडं बघत होत्या. माझ्या ह्या सुरीपायी ही बाई मला भ्यायली आहे, हे मला त्या क्षणी दिसलं, अन् माझी मलाच लाज वाटली.

मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या आत्याबाई," मी म्हणाले. "तुमची बोटं हायेत ती. मला पायजेत."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग राख खाली ठेवली. पुढं आपांच्या मालकांनी डाग काढून देतो म्हणून दोन-तीनदा निरोप धाडला, पण मी दिली नाही. धार लावून लावून ते पातं आता अर्ध्यावर आलं आहे, तरी वरच्या अंगाला पाच बोटांचे शेंडे अजून आहेत.

त्या दिवशी सणाचा स्वयंपाक होता. मी कोरडी सुरी घेऊन फळीपाशी उभी राहिले, तोवर आत्याबाई जाऊन चुलीपुढच्या माझ्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. विळी त्यांनी भिंतीला लावून ठेवली होती. कढईत तेल टाकलं अन् मागं न बघता म्हणाल्या,

"सूनबाई, एवढा भोपळा चिरून देतीस का?"

देते की, मी म्हटलं. भोपळा घेतला, अन् त्यांना आवडतात तशा चांगल्या ठोकळ फोडी केल्या.